नाव घातलेली भांडी

माझी सून नव्या डब्यावरचं स्टिकर नखानं टर्रकन ओढते तेव्हा मला राहवत नाही. अर्धं निघतं, अर्धं राहतं, आणि राहिलेल्या अर्ध्यावर ती तारेची घासणी घेऊन तुटून पडते. चिकट जातं, पण त्याबरोबर डब्याची लकाकीही जाते, आणि ती पुन्हा कधी येत नाही. मी म्हणते, अगं थांब, आधी आत गरम पाणी ओत. ती म्हणते, आई, डबाच तर आहे. खरं आहे तिचं, डबाच तर आहे. पण मी ज्या घरात वाढले त्या घरात भांड्यावरच्या स्टिकरावरून एका बाईच्या जिंदगीचा निकाल लागलेला मी पाहिला आहे. त्यामुळं या एका बाबतीत मी सुनेला टोचून बोलते आणि ती ऐकून घेते.

आमचं घर बेंबळीला. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं न्हाणी. अण्णा, म्हणजे माझे वडील, जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते. ते घरी आले की आधी त्यांचा वास यायचा, फिनेल आणि स्पिरिटचा. त्या वासामुळं दावणीची जनावरं त्यांना बघून कान टवकारायची, आणि आम्ही बहिणी पाठ्यपुस्तकं उघडायचो. आई बोलायची कमी. तिचं बोलणं भांड्यांतून ऐकू यायचं. ताट हळू ठेवलं तर दिवस बरा आहे, आणि ताटाची कड आपटली तर कुणी काही विचारायचं नाही. सकाळी भाकरी थापण्याचा आवाज, मग चटणी कुटण्याचा, मग दुपारपर्यंत शांत. थंडीत हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं असायचं, त्यात लसणाची फोडणी. कधी उडदाचं घुटं. शेंगदाण्याच्या चटणीवर करडीचं तेल ओतून भाकरी खाल्ली की अण्णा हात चाटत म्हणायचे, राजाच्या घरी काय वेगळं असतंय. राजाच्या घरी काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण आम्हाला खरं वाटायचं.

आम्ही दोघीच बहिणी. अक्का थोरली, तिचं नाव शकुंतला. मी सुमन, घरात सुमी. अक्का दिसायला चारचौघींसारखी होती, पण तिच्या हाताला एक वळण होतं. कणीक मळली तर परातीला कणीक राहायची नाही. दुधाची साय काढली तर फाटायची नाही. कुठल्याही गोष्टीला तिनं हात लावला की ती गोष्ट आपणहून सुटायची. माझा हात आडदांड. मी दार उघडलं तरी कडी निघून यायची, असं आई म्हणायची, आणि ते फार खोटं नव्हतं.

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा अण्णा हवेत होते. मुलगा सोलापूरला नोकरीला, घर येडशीच्या बाजूचं. त्या गावाचं नाव मी आजही तोंडात घेत नाही, इथंही लिहीत नाही. अण्णांनी धाराशिवहून स्टीलची भांडी आणली. तेव्हा आमच्याकडं पितळ उतरणीला लागलं होतं आणि स्टील म्हणजे मान होता. ताटं, वाट्या, तांबे, डबे, परात, कळशी, आणि एक हे एवढं थोरलं पातेलं, ज्यात निम्मी भावकी जेवेल. प्रत्येकावर दुकानाचं सोनेरी स्टिकर. पडवीत भांडी मांडली तेव्हा सगळी गल्ली बघून गेली. आई एकीकडं खुश होती आणि दुसरीकडं दृष्ट लागेल म्हणून मीठमोहऱ्या शोधत होती.

मग नाव घालणारा आला. त्याचं मशीन विजेवर चालायचं आणि दातांत कळ जाईल असा आवाज करायचं. लहान भांड्यांवर त्यानं नुसतं 'शकुंतला' घातलं. मोठ्या भांड्यांवर काय घालायचं म्हणून त्यानं विचारलं, तर अण्णांनी खिशातून आधीच लिहून आणलेली चिठ्ठी काढली. दोन ओळी होत्या. वर 'चि. सौ. कां. शकुंतला', खाली 'वडिलांकडून सप्रेम'. आमच्या घरात प्रेम हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. अक्का दाराआडून बघत होती. मशीनच्या टोकातून ठिपक्या-ठिपक्यांनी 'सप्रेम' उमटलं तेव्हा ती आत गेली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली तर डोळे लाल. नाव घालणारा मशीन गुंडाळताना म्हणाला, "नाव घातलेलं भांडं हरवत न्हाय बगा. गावभर फिरलं तरी घरला माघारी येतंय." आम्ही सगळे हसलो. लग्नघरात माणूस कशालाही हसतो.

अक्का नांदायला गेली. पहिल्या सणाला आली तेव्हा बारीक दिसली, पण नव्या सुना बारीकच दिसतात अशी आईनं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या वर्षी ती माहेरपणाला म्हणून आली आणि तिला न्यायला कुणी आलंच नाही. अण्णा दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांना उंबऱ्यातूनच परत लावलं. गोष्ट साधी होती आणि आमच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होती. मुलाचं सोलापुरात आधीपासूनच एकीशी जमलेलं होतं. आईबापांनी लग्न लावून दिलं, म्हणजे पोरगं ताळ्यावर येईल म्हणून. पोरगं काही ताळ्यावर आलं नाही. तेव्हा आईबापच पोराच्या बाजूला जाऊन बसले आणि आमची अक्का मधल्यामध्ये उरली.

आणि एक दिवस दुपारी आमच्या दारात टेम्पो आला. पुढं ड्रायव्हरशेजारी अक्काची सासू बसलेली, मागं भांडी. मला अजून तो आवाज ऐकू येतो. टेम्पो खड्ड्यातून आला तशी सगळी भांडी एकदम वाजली आणि गल्लीतली दारं उघडली. दोन गड्यांनी भांडी पडवीत उतरवली. सासूबाई खाली उतरल्या नाहीत. आत बसूनच त्या अण्णांना म्हणाल्या, "मोजून घ्या. एका भांड्याला वरखडा न्हाय. जसं आलं तसं दिलं." त्या आवाजात शरम नव्हती, उलट प्रामाणिकपणाची ऐट होती. कुणाचं काही ठेवून घेतलं नाही, असं त्यांना गावाला दाखवायचं होतं. अण्णांनी मान खाली घातली आणि खरोखरच भांडी मोजायला बसले. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा इतकं लहान पाहिलं. चीडही आली. ते उठून त्या बाईला दोन शब्द सुनावतील असं मला वाटत होतं, पण ते वाट्यांत वाट्या घालत राहिले.

टेम्पो गेल्यावर आई बाहेर आली. तिनं एक डबा उचलला, फिरवला, मग दुसरा उचलला. मग म्हणाली, "अगं, ह्यांनी स्टिकरंबी काढली न्हाईत." आमच्याकडं हे सगळ्यांना कळतं. स्टिकर काढून भांडं एकदा चुलीवर चढलं की ते घरचं झालं. स्टिकर आहे तोवर ते आहेरात फिरवता येतं, दुकानात बदलून आणता येतं, ज्याचं त्याला परत करता येतं. दीड-पावणेदोन वर्षं ती भांडी त्यांच्या माळ्यावर तशीच कोरी बसून होती. आई तो डबा घेऊन आत गेली आणि त्या दिवशी स्वयंपाकघरातून एकाही भांड्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर भांडी आमच्या माळ्यावर गेली आणि अक्का चुलीपुढं. तिच्याबद्दल बोलणं बंद झालं. पाव्हणे आले की ती मागच्या न्हाणीत कपडे धूत बसायची. अण्णांना बाहेर कुणी विचारलं तर ते म्हणायचे, माहेरपणाला आलीय. हे माहेरपण किती वर्षांचं हे विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि विचारायची गरजही नव्हती, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ही अण्णांची लाडकी म्हण. मूठ झाकलेली आहे असं फक्त त्यांनाच वाटत होतं.

मग माझं ठरलं. अणदूरचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर, माणसं बरी. अक्काचं त्यांना कळलं होतं, तरी ते हो म्हणाले, त्यामुळं अण्णा त्यांच्यापुढं वाकून वाकून निम्मे झाले होते. एका सकाळी अण्णांनी माळ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, ही सुमीला द्यायची. कोरी तर आहेत. आईनं नुसतं त्यांच्याकडं बघितलं. अक्कानं पदर खोचला आणि शिडी लावली.

खाली उतरवल्यावर कळलं की भांडी कोरी असली तरी स्टिकरं म्हातारी झाली होती. माळ्यावरच्या उन्हाळ्यांनी सोनेरी रंग उडाला होता, कडा करपल्या होत्या, आणि खालचा डिंक स्टीलला असा धरून बसला होता की नख लावलं तर नख तुटावं. ही जुनी स्टिकरं घेऊन भांडी लग्नात मांडली तर कुणीही ओळखलं असतं. ती काढायची होती, आणि खाली ओरखडा उठू द्यायचा नव्हता. मी पहिल्याच तांब्यावर सुरी चालवली आणि चांगली लांब रेघ ओढून ठेवली. अक्कानं माझ्या हातून तांब्या काढून घेतला.

तिनं कसं केलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. आधी भांड्यात कढत पाणी ओतायचं. बाहेरून जाळ लावायचा नाही, जाळानं स्टील निळं पडतं. पाण्याची ऊब आतून सारखी पसरते आणि डिंक सैल होतो. मग कागदाचा कोपरा अंगठ्याच्या पेरानं, नखानं नाही, हळूहळू लोटायचा. आडवा ओढायचा, वर उचलायचा नाही. कागद गेला की राहिलेल्या डिंकावर करडीचं तेल चोळायचं आणि भांडं बाजूला ठेवून दुसरं काम करायचं. "तेलाला येळ दे," ती म्हणायची, "त्याला त्याचं काम करू दे." मग अंगठ्यानं गोल गोल फिरवलं की डिंकाच्या बारीक शेवया वळल्या जायच्या. त्या पुसून ज्वारीचं पीठ भुरभुरायचं, म्हणजे तेल पिठात येतं. एवढ्यानंही हटलं नाही तर अण्णांच्या दवाखान्यातलं स्पिरिट बोळ्यावर घेऊन एकदाच फिरवायचं. राख नाही, वाळू नाही, तारेची घासणी तर नाहीच. शेवटी तिनं भांडं उजेडात धरलं की त्यात तिचं तोंड दिसायचं आणि ती पटकन भांडं खाली ठेवायची.

असे ते दोघींचे दिवस गेले. पडवीत पोतं अंथरून आम्ही बसायचो, आई मधूनच धपाटं आणि दही आणून ठेवायची. तेलाची वाट बघताना अक्का बोलायला लागली. एरवी ती सासरचं अवाक्षर काढत नसे. एका दिवशी ती परातीवर अंगठा फिरवत होती, माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुमे, मला पयल्याच आठवड्यात कळलं हुतं. म्या थोरल्या पातेल्याचं स्टिकर काढाया बसले, तर सासू म्हनली, ऱ्हाऊ दे, घाई न्हाय. तवाच कळलं, आपलं हितं काय खरं न्हाय."

मी विचारलं, मग घरी का नाही सांगितलंस?

"कुनाला सांगू? अण्णांनी किती हौसेनं नाव घातलं हुतं."

आता लिहिताना वाटतं की त्या घरात अण्णांचा विचार करणारी ती एकटीच होती. आई अण्णांना सोसत होती, मी त्यांना घाबरत होते. त्यांच्या आनंदाला तडा जाऊ नये म्हणून दीड-पावणेदोन वर्षं तोंड शिवून बसली ती अक्का.

भांडी झाली. आरशासारखी झाली. अण्णा संध्याकाळी दवाखान्यातून आले, एकेक भांडं फिरवून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. स्टिकर गेल्यामुळं नाव अधिकच उठून दिसत होतं. एवढे दिवस हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, म्हणजे माणूस आपणच हौसेनं घालून घेतलेलं नाव विसरतो. ते तसेच बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी येताना दोन वस्तू घेऊन आले. ओळखीच्या दुकानातून मागून आणलेली नव्या स्टिकरांची चळत, आणि पॉलिश पेपर. पत्र्याला रंग द्यायच्या आधी घासतात तो, खरखरीत. दुकानात पॉलिशला दिली असती तर नाव सफाईनं निघालं असतं, पण बाजारात चर्चा झाली असती, आणि मूठ तर झाकलेली राहिली पाहिजे. म्हणून हे घरी करायचं होतं. पेपरनं घासलं की स्टील पांढरं पडतं, त्या डागावर नवं स्टिकर लावायचं, म्हणजे झालं.

ते कागद त्यांनी माझ्यापुढं ठेवले नाहीत, आईपुढं ठेवले नाहीत. अक्कापुढं ठेवले आणि म्हणाले, "शकू, तुजा हात बरा हाय."

आई चुलीपासून उठून आली. तिच्या आयुष्यात ती अण्णांना जे मोजकं बोलली त्यातलं हे एक. "पोरीच्या हातानं पोरीचंच नाव घासाया लावताय व्हय तुमी?"

अण्णा चिडले नाहीत, ते त्याहून वाईट होतं. शांतपणे म्हणाले, "गावात नाव ऱ्हायलंय का आपलं? मग भांड्यावर कशाला पायजे?"

मी अण्णांना आजवर माफ केलेलं नाही. ते गेले, त्यांचे श्राद्धपक्ष झाले, मी पानं वाढली, कावळ्याला घास ठेवला, तरी नाही. लोक म्हणतात, त्या काळी बाप काय करणार. मला त्या काळाचं सांगू नका. भांडी मला द्यायची काही गरज नव्हती. मी बिनभांड्यांची गेले असते. अणदूरच्या माणसांनी एका शब्दानं काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का पोत्यावर बसली. ज्या स्टीलवर तिनं सुईच्या टोकाएवढा ओरखडा येऊ दिला नव्हता, त्यावर ती खरखरीत कागद फिरवायला लागली. तो आवाज नाव घालणाऱ्या मशीनच्या आवाजाहून वाईट होता. मी तिच्या हातातून पेपर ओढला, म्हटलं मी करते. तिनं तो परत घेतला. "तुज्या हातानं नको. माजं म्या घालवते." वाट्या, तांबे, ताटं. प्रत्येकावरून ती चार अक्षरं आधी पुसट झाली, मग त्यांचा पांढरा डाग झाला, मग त्या डागावर सोनेरी स्टिकर बसलं. थोरलं पातेलं शेवटी राहिलं. त्या दिवशी आई मला बांगड्या भरायला घेऊन गेली होती. आम्ही परत आलो तेव्हा पातेल्यावर स्टिकर लागलेलं होतं आणि अक्का हात धूत होती. अण्णांनी येऊन बघितलं, मान डोलावली, आणि जेवायला बसले.

लग्न होऊन मी अणदूरला गेले त्याला आता एक जन्म झाला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. कडक होत्या पण मनाच्या वाईट नव्हत्या. महिनाभरात त्या म्हणाल्या, काढ गं ती स्टिकरं, आपल्या घरात दुकान नको. मी अक्कानं शिकवल्याप्रमाणं पाणी ओतून, तेल लावून, तासन् तास बसून एकेक काढलं. आणि प्रत्येकाच्या खाली तो पांढरा, घासटलेला डाग. आत्याबाईंनी ताट उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "सगळी खरवडलीस की गं. माहेरी एवढंबी शिकवलं न्हाय व्हय?" मी म्हणाले, न्हाय शिकवलं. दुसरं काय म्हणणार होते? सगळ्या गावात ज्या हाताची सर कुणाला नव्हती, त्या हातानं शिकवलेली मी, अणदुरात कायमची आडदांड ठरले.

थोरल्या पातेल्याच्या स्टिकरचा वरचा कोपरा मी नुसता सोडवला आणि थांबले. खाली डाग नव्हता. 'तला' अशी दोन अक्षरं लख्ख दिसत होती. मी घाईनं कोपरा दाबला, भाताच्या शितानं चिकटवला आणि पातेलं माळ्यावर टाकलं. अक्कानं ते घासलंच नव्हतं. मला तेव्हा तिचा राग आला. माझ्या सासरी माझी मान खाली घालायची तिनं सोय करून ठेवली होती, असं वाटलं. परत आलेल्या बाईची भांडी नव्या सुनेनं आणली हे उघडं पडलं असतं तर काय झालं असतं, हे ज्यांना कळतं त्यांना सांगायला नको. चंपाषष्ठीला पाव्हणे आले की आत्याबाई म्हणायच्या, थोरलं पातेलं काढ, आणि मी शेजारून दुसरं मागून आणायची. एकदा त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "तुज्या मनात नांदायचं हाय का न्हाय? भांड्याचं स्टिकर का काढू देत न्हाईस?" मी हसले. एकीला सासूनं काढू दिलं नाही, दुसरी सासूला काढू देत नव्हती, आणि पातेलं तेच.

अक्का बेंबळीतच राहिली. पुढं शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागली. आई गेली, मग अण्णा अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं तिनंच केलं. मी जाऊन बसायची. मला वाटायचं, आता तरी अण्णा तिला काहीतरी म्हणतील. एकदा ती त्यांना चमच्यानं माडगं भरवत होती, अण्णांनी हातानं थांबवलं आणि तिच्याकडं बघितलं. अण्णा म्हणाले, माडग्यात मीठ कमी आहे. ती उठून मीठ घेऊन आली. नंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

अक्का मागच्या वर्षी गेली. अंगावर ताप काढला, कुणाला कळवलं नाही. तिचे दिवस करून मी अणदूरला परत आले तेव्हा घरात सून होती, आत्याबाई कधीच गेल्या होत्या, आणि ज्याच्यापासून लपवावं असं कुणीच उरलं नव्हतं. मी मुलाला सांगून माळ्यावरून पातेलं खाली घेतलं. आत कढत पाणी ओतलं. कागदाचा नुसता भुगा झाला होता, डिंक काळा पडून दगड झाला होता. तेल लावलं, थांबले, पुन्हा लावलं. दुपार उतरेपर्यंत अंगठा फिरवत राहिले. सून दोनदा येऊन गेली, तिनं घासणी आणून दिली, मी ती बाजूला सारली. शेवटी पीठ भुरभुरलं आणि पुसलं.

वरची ओळ काल घातल्यासारखी होती. 'चि. सौ. कां. शकुंतला.' प्रत्येक ठिपका जागेवर. खालची ओळ नव्हती. 'वडिलांकडून सप्रेम' होतं तिथं पांढरा डाग होता, पट्टी लावून आखावा तसा सरळ, आणि त्यातली एकही रेघ वरच्या ओळीला लागलेली नव्हती. असा हात तिचाच. तिनं आपलं नाव ठेवलं होतं आणि अण्णांचं प्रेम तेवढं घासून काढलं होतं. मीठ आणायला उठलेली अक्का मला आठवली. तिच्या मनात काय होतं ते एवढी वर्षं माझ्याच माळ्यावर पडून होतं.

सून हात पुसत आली आणि वाकून नाव वाचायला लागली. माझ्या बहिणीला ती फक्त अक्का म्हणून ओळखायची, त्यामुळं तिला वाटलं, कुणाच्या तरी कार्यातून चुकून आलेलं भांडं राहून गेलं आहे. आमच्याकडं तसं होतं, म्हणून तर नावं घालतात.

"आई, हे शकुंतला म्हणून कुणाचं आहे? त्यांच्या घरी नेऊन द्यायचं राहिलंय का?"

मी म्हटलं, "व्हय, राहिलंय."

"मग कुठं द्यायचं? पत्ता सांगा, उद्या हे जाऊन देऊन येतील."

मी विचार केला. येडशीच्या बाजूचं ते गाव आठवलं, बेंबळीच्या कुलूप लावलेल्या दोन खोल्या आठवल्या. मग पातेलं उचलून ओट्यावर उपडं घातलं आणि तिला म्हटलं, राहू दे, घाई नाही.